ॲलॉटमेंटवरील हिवाळा

ॲलॉटमेंट म्हणजे ब्रिटनमध्ये नागरिकांना स्वतःच्या कुटुंबापुरता भाजीपाला व फळे पिकवण्यासाठी अल्प वार्षिक भाड्याने दिला जाणारा जमिनीचा लहान तुकडा होय. असे अनेक तुकडे एका सलग आवारात एकमेकांना लागून असतात आणि ते धारकाच्या घरापासून बहुधा दूर असतात. ॲलॉटमेंटचे चित्र सामान्यतः उन्हाळ्यातील हिरवाईचे रंगवले जाते; तथापि नोव्हेंबर ते मार्च हा काळ या पद्धतीच्या दृष्टीने अधिक निर्णायक मानला जातो. या काळात वाढ जवळजवळ थांबलेली असते, जमीन ओली किंवा गोठलेली असते आणि कुटुंबाला शेतात उभ्या असलेल्या पिकांवर व घरात साठवलेल्या मालावर अवलंबून राहावे लागते. पुढील वर्षाची मशागत, छाटणी, बियाण्याची निवड आणि रोपांची सुरुवातही याच महिन्यांत होते. त्यामुळे हिवाळ्यात भूखंड आणि घर ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे बनतात.

## व्याख्या आणि मोजमाप

१९२२ च्या ॲलॉटमेंट कायद्यानुसार 'ॲलॉटमेंट गार्डन' म्हणजे ४० पोलपेक्षा मोठा नसलेला आणि धारकाने पूर्णतः किंवा मुख्यत्वे स्वतःच्या अथवा कुटुंबाच्या उपभोगासाठी भाज्या किंवा फळे पिकवण्याकरिता कसलेला भूखंड होय. म्हणजेच विक्रीसाठीची शेती हा याचा उद्देश नाही.

भूखंड मोजण्यासाठी आजही 'रॉड' किंवा 'पोल' हे जुने माप प्रचलित आहे. एक रॉड म्हणजे साडेपाच यार्ड, अर्थात सुमारे ५.०३ मीटर. पारंपरिक पूर्ण भूखंड १० चौरस रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. एवढ्या जमिनीत चार माणसांच्या कुटुंबाची वर्षातील बहुतांश भाजी निघू शकते, असे परंपरेने मानले जाते. मागणी वाढल्यामुळे अनेक ठिकाणी आता अर्धे किंवा पाव भूखंड दिले जातात.

मराठीतील परसबाग ही कल्पना ॲलॉटमेंटला जवळची असली, तरी परसबाग घराला लागून असते आणि ती घरमालकाच्या ताब्यात असते. ॲलॉटमेंटधारक हा भाडेकरू असतो. जर्मनीत 'श्रेबरगार्टन' आणि नेदरलँड्समध्ये 'फोक्सटाउन' या नावांनी अशाच बागा आढळतात.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणे घालून त्या खाजगी मालकीत गेल्या. या प्रक्रियेत भूमिहीन मजुरांचे गुरे चारण्याचे, सरपण गोळा करण्याचे व थोडीफार लागवड करण्याचे हक्क संपुष्टात आले. हिवाळ्यात शेतीची कामे कमी होत आणि मजुरीही घटत असे. त्यामुळे या कुटुंबांची उपासमार प्रामुख्याने थंडीत होई. काही जमीनदार व धर्मगुरूंनी मजुरांना लहान भूखंड देण्यास सुरुवात केली, त्यामागे हे एक कारण होते. विल्टशर परगण्यातील ग्रेट सॉमरफर्ड येथील १८०९ मधील बागा या प्रकारच्या सर्वांत जुन्या व्यवस्थांपैकी मानल्या जातात. १८४५ च्या कुंपण कायद्यात भूमिहीन गरिबांसाठी पाव एकरापर्यंतच्या बागा राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली, परंतु प्रत्यक्षात फार कमी जमीन मिळाली. पुढे १९०८ च्या 'स्मॉल होल्डिंग्ज अँड ॲलॉटमेंट्स' कायद्याने मागणी असल्यास भूखंड उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे अन्नधान्याची आयात धोक्यात आली आणि १९१८ पर्यंत भूखंडांची संख्या सुमारे १५ लाखांवर पोहोचली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९३० च्या दशकात क्वेकर पंथीयांनी बेरोजगार खाणकामगारांना बियाणे, खते व अवजारे पुरवून भूखंड कसण्यास साहाय्य केले.

दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी' ही मोहीम राबवण्यात आली. नवशिके शेतकरी उन्हाळ्यात एकाच वेळी भरमसाट पीक काढतात आणि हिवाळ्यात त्यांची जमीन रिकामी राहते, ही अडचण कृषी मंत्रालयाच्या लक्षात आली होती. म्हणून मोहिमेच्या पहिल्या पत्रकात ९० फूट लांब व ३० फूट रुंद भूखंडाचा वर्षभराचा आराखडा देण्यात आला आणि त्यात कोबीवर्गीय भाज्या, लीक, कंदमुळे व साठवणीच्या कांद्यांना मोठी जागा ठेवण्यात आली. उन्हाळ्याइतकेच हिवाळ्यासाठीही पिकवा, असे आवाहन करणारी भित्तिपत्रकेही काढण्यात आली. बीबीसी रेडिओवर सी. एच. मिडलटन यांची बागकामावरील भाषणे या काळात अत्यंत लोकप्रिय होती.

१९४७ च्या आरंभीचा हिवाळा विसाव्या शतकातील सर्वांत कठोर हिवाळ्यांपैकी होता. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत देशभर हिमवृष्टी होत राहिली, कोळशाचा तुटवडा पडला आणि भाज्या जमिनीतच गोठून गेल्या. गोठलेल्या शेतांतून पार्सनिप काढण्यासाठी रस्ते फोडण्याच्या यंत्रांचा वापर करावा लागल्याची नोंद आहे. साठवलेल्या बटाट्यांचेही मोठे नुकसान झाले आणि युद्धकाळात कधीही न लावलेले बटाट्याचे रेशनिंग त्याच वर्षी लागू करावे लागले. हिवाळी साठा शेतात ठेवायचा की घरात आणायचा, हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे या हिवाळ्याने दाखवून दिले.

## प्रकाश, तापमान आणि वाढ

ब्रिटनमध्ये हिवाळ्यातील वाढ थांबण्यामागे थंडीइतकेच महत्त्वाचे कारण प्रकाशाचा अभाव हे आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस पावणेआठ तासांपेक्षा थोडाच मोठा असतो, तर एडिनबरामध्ये तो सुमारे सात तासांचा असतो. मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. त्यामुळे महाराष्ट्रात हिवाळा हा पालेभाज्यांचा व रब्बीचा भरभराटीचा हंगाम ठरतो, तर ब्रिटनमध्ये तोच काळ केवळ तगून राहण्याचा असतो.

दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ नगण्य होते, असा बागायतदारांचा ठोकताळा आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये हा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की हिवाळ्यात काढावयाचे पीक हिवाळ्यात वाढत नाही. ते शरद ऋतूपूर्वीच पूर्ण वाढलेले असावे लागते. त्यानंतर जमीन ही केवळ त्याचे कोठार असते. म्हणूनच डिसेंबरच्या ताटासाठीची ब्रसेल्स स्प्राउटची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये आणि पार्सनिपची पेरणी वसंत ऋतूत करावी लागते. जुलैनंतर हिवाळ्याचा विचार करू लागणाऱ्या धारकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

## शेतात उभी असणारी पिके

थंडी सोसणाऱ्या वनस्पतींमध्ये तापमान उतरू लागताच काही पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर होते. शर्करेमुळे पेशीतील द्रवाचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ पेशींच्या आत न होता पेशींमधील पोकळ्यांत होण्याची शक्यता वाढते. पेशी फुटत नाहीत आणि वनस्पती वाचते. या संरक्षक यंत्रणेचाच परिणाम म्हणून पहिल्या हिमकणांनंतर, म्हणजेच तुहिन पडल्यावर, पार्सनिप, केल व ब्रसेल्स स्प्राउट गोड लागतात. तुहिन पडेपर्यंत पार्सनिप काढू नये, ही जुनी समजूत त्यामुळे शास्त्राशी सुसंगत आहे.

हिवाळ्यात भूखंडावर प्रामुख्याने पुढील पिके आढळतात :

* लीक – कांद्याच्या कुळातील, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. लागेल तशी उपटता येते. उशिरा तयार होणारे वाण एप्रिलपर्यंत टिकतात.
* पार्सनिप – गाजराच्या कुळातील फिकट पिवळसर मूळ. हिवाळ्यात पाने मरून जात असल्याने ओळींच्या टोकांना काठ्या रोवून जागा लक्षात ठेवावी लागते.
* ब्रसेल्स स्प्राउट – उंच दांड्यावर लागणारे लहान कोबीसारखे गड्डे. ते खालून वर तोडत जातात. वाऱ्याने झाड हलू नये म्हणून बुंध्याशी माती घट्ट दाबतात व आधाराची काठी देतात.
* केल व सॅव्हॉय कोबी – हिमवृष्टीतही तग धरणाऱ्या पालेभाज्या. सॅव्हॉयची पाने सुरकुतलेली असतात.
* स्वीड – सलगमाशी जवळीक असलेला पिवळसर गराचा कंद.
* जेरुसलेम आर्टिचोक – सूर्यफुलाच्या प्रजातीतील वनस्पतीचे कंद. हे जमिनीतच ठेवून लागतील तसे खणतात.
* जांभळी स्प्राउटिंग ब्रोकोली – जवळजवळ वर्षभर जागा अडवणारे, परंतु फेब्रुवारी ते एप्रिल या टंचाईच्या काळात कोंब देणारे पीक.

जमीन कडक गोठण्याची चिन्हे दिसताच कंदमुळांच्या ओळींवर पेंढा किंवा नेच्याची वाळलेली पाने पसरतात. त्याने उष्णता अडून माती खणण्याजोगी राहते. अनेक जण अशा वेळी आठवडाभर पुरतील एवढी मुळे आगाऊ काढून घरी नेतात.

## हिवाळ्यातील लागवड

थंडीत लागवड पूर्णपणे थांबत नाही. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लावतात. लसणाच्या गड्ड्याचे पाकळ्यांत विभाजन होण्यासाठी एक ते दोन महिने थंडी मिळणे आवश्यक असते. वसंत ऋतूत उशिरा लावलेल्या लसणाचा अनेकदा कांद्यासारखा एकसंध गड्डा होतो. ब्रॉड बीन या शेंगवर्गीय पिकाचा 'ॲक्वाडुल्सी क्लॉडिया' हा वाण नोव्हेंबरमध्ये पेरल्यास त्याची बोटभर रोपे हिवाळा सोसतात आणि वसंतातील पेरणीपेक्षा काही आठवडे आधी शेंगा देतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडण्यापूर्वीच शेंगा धरल्या जाणे, हा याचा आणखी एक लाभ होय.

ऱ्हुबार्ब या आंबट दांड्यांच्या वनस्पतीला हिवाळ्यात अंधारात वाढवण्याची पद्धत आहे. डिसेंबर-जानेवारीत तिच्या मुळांच्या गड्ड्यावर उलटी बादली किंवा मातीचे उंच भांडे ठेवतात व भोवती पेंढा किंवा खत रचतात. प्रकाश न मिळाल्याने कोवळे, फिकट गुलाबी व कमी आंबट दांडे नेहमीपेक्षा काही आठवडे आधी मिळतात. अशा प्रकारे जोर केलेला गड्डा थकत असल्याने त्याला पुढे एक-दोन वर्षे विश्रांती देतात. वेस्ट यॉर्कशरमधील वेकफील्ड, मॉर्ली व रॉथवेल यांदरम्यानचा प्रदेश या पद्धतीच्या व्यापारी उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तेथे अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या प्रकाशात तोडणी करतात. या उत्पादनास २०१० मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक नामसंरक्षण मिळाले.

## मातीची मशागत

हिवाळ्यात जमीन खणणे हे ॲलॉटमेंटचे पारंपरिक काम होते. भारी चिकणमातीची ढेकळे शरद ऋतूत उलथून ठेवत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. ढेकळांतील पाणी वारंवार गोठून वितळल्याने ती फुटतात आणि वसंतापर्यंत भुसभुशीत माती तयार होते. दोन फावडी खोल चर खणून त्यात शेणखत भरण्याची 'दुहेरी खणणी' ही जुन्या पिढीत कर्तव्यासारखी मानली जाई.

अलीकडील दशकांत न खणता लागवड करण्याची पद्धत बरीच पसरली आहे. चार्ल्स डाउडिंग यांनी ती लेखन व प्रात्यक्षिकांद्वारे लोकप्रिय केली. या पद्धतीत जमीन न उलथता तिच्यावर हिवाळ्यात कंपोस्टचा थर देतात आणि तो जमिनीत मिसळण्याचे काम गांडुळांवर सोपवतात. मातीची रचना, बुरशींचे जाळे व सेंद्रिय कर्ब टिकून राहतो आणि तणांचे सुप्त बियाणे वर येत नाही, असे या पद्धतीचे समर्थक सांगतात. दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मतैक्य आहे. पाण्याने थबथबलेल्या जमिनीवर चालल्यास ती दबून तिच्यातील हवेच्या पोकळ्या नष्ट होतात. म्हणून ओल्या हवामानात वाफ्यांमध्ये फळी टाकून तिच्यावरच उभे राहतात.

उघड्या जमिनीतून हिवाळी पावसाबरोबर नायट्रेट वाहून जाते. ते रोखण्यासाठी शरद ऋतूत राय किंवा वेच यांसारखे हिरवळीचे खत पेरतात अथवा जमिनीवर पुठ्ठा, ताडपत्री किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. झाडांची गळलेली पाने जाळीच्या पिंजऱ्यात साठवली जातात. एक ते दोन वर्षांत त्यांचे पर्णखत बनते. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा 'क्लबरूट' हा रोग आम्लधर्मी मातीत बळावतो आणि त्याचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतात. म्हणून पुढील वर्षी कोबी लावावयाच्या वाफ्यात हिवाळ्यात चुना मिसळतात. चुना व ताजे शेणखत मात्र एकाच वेळी घालत नाहीत. त्यांच्या संयोगाने अमोनिया वायूच्या रूपात नत्र उडून जाते.

दशकानुदशके चाललेल्या या मशागतीचा परिणाम मोजताही आला आहे. लेस्टर शहरातील ॲलॉटमेंटच्या मातीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेथील मातीतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण आसपासच्या शेतजमिनींपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक आढळले.

## फळझाडे

सफरचंद व नासपती यांची मुख्य छाटणी झाडे सुप्तावस्थेत असताना, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या आरंभापर्यंत करतात. पाने नसल्याने फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो. प्रथम मेलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. प्लम व चेरी या झाडांची छाटणी मात्र हिवाळ्यात कटाक्षाने टाळतात. ओल्या थंड हवेत ताज्या कापातून 'सिल्व्हर लीफ' या बुरशीजन्य रोगाचा शिरकाव होतो. शरद ऋतूत फळणाऱ्या रास्पबेरीचे सर्व दांडे फेब्रुवारीत जमिनीलगत कापतात.

ऑक्टोबरमध्ये सफरचंदाच्या खोडांना चिकट पट्ट्या बांधतात. 'विंटर मॉथ' या पतंगाच्या मादीला उडता येत नाही. ती अंडी घालण्यासाठी खोडावरून चढते आणि पट्टीवर अडकते. नवीन झाडे व झुडपे उघड्या मुळांनी लावण्याचा हंगामही नोव्हेंबर ते मार्च हाच असतो, कारण या अवस्थेत मुळांना स्थलांतर सोसते. अशी रोपे कुंडीतील रोपांपेक्षा स्वस्त पडतात.

## पक्षी व प्राणी

रॉबिन हा लहान तांबड्या छातीचा पक्षी खणणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ येऊन उघडे पडलेले किडे टिपतो. हिवाळ्यातही गाणाऱ्या थोड्या पक्ष्यांपैकी तो एक असून या काळात नर व मादी दोघेही आपापली हद्द राखतात. वुड पिजन हे मोठे रानकबूतर मात्र कोबीवर्गीय पिकांचे सर्वांत मोठे शत्रू होय. इतरत्र बर्फ पडलेला असताना त्यांचा थवा केलच्या पानांचे एका दिवसात केवळ देठ उरवू शकतो. म्हणून हिवाळाभर वाफ्यांवर जाळ्या असतात. जोरदार हिमवृष्टीनंतर जाळीवरील बर्फ झटकला नाही, तर तिच्या भाराने जाळी व पीक दोन्ही कोसळतात.

अंगावर काटे असलेला हेजहॉग हा लहान सस्तन प्राणी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात शीतनिद्रेत असतो. लाकडांचे ढीग, पालापाचोळा व कंपोस्टचे ढिगारे ही त्याची आवडती जागा होय. ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला किंवा हिवाळ्यातील सफाईच्या वेळी पेटवल्या जाणाऱ्या ढिगाऱ्यांत असे प्राणी जळून मरण्याचा धोका असतो. त्यामुळे ढीग पेटवण्यापूर्वी दुसऱ्या जागी हलवून रचण्याचा सल्ला दिला जातो.

## घरातील हिवाळा

ॲलॉटमेंटधारकाच्या घरात हिवाळ्यात साठवणीची जागा शोधणे ही मोठी अडचण असते. आधुनिक घरे उबदार असल्याने थंड कोठी क्वचितच असते. त्यामुळे गॅरेज, शेड, जिन्याखालची जागा किंवा गरम न केलेली खोली यांचा उपयोग केला जातो.

बटाटे कागदी किंवा तागाच्या पोत्यांत अंधारात ठेवतात. प्रकाश लागल्यास ते हिरवे पडून त्यांत सोलॅनीन हे विषारी द्रव्य वाढते, तर फार थंडीत पिष्टाचे शर्करेत रूपांतर होऊन ते अवाजवी गोड होतात. गाजरे व बीट ओलसर वाळूच्या थरांमध्ये पेटीत रचतात. कांदे व लसूण वेण्या घालून हवेशीर व कोरड्या जागी टांगतात. सफरचंदे कागदात एकेक गुंडाळून एकमेकांना न लागतील अशी ठेवतात. भोपळ्यांना मात्र अधिक ऊब लागते, म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर किंवा कपाटावर दिसतात. साठवण जास्त असल्यास पूर्वी पेंढा व माती यांनी झाकलेले ढिगारे शेतातच करत. कोणत्याही पद्धतीत दर आठवड्याला माल तपासून सडके नग काढावे लागतात, कारण एका नगामुळे संपूर्ण पेटी खराब होऊ शकते.

शरद ऋतूत न पिकलेल्या हिरव्या टोमॅटोंची चटणी करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. 'चटणी' हा शब्द वसाहतकाळात भारतीय भाषांतून इंग्रजीत गेला. तेथे मात्र त्याचा अर्थ बदलला. भारतातील चटणी बहुधा ताजी किंवा कोरडी असते, तर ब्रिटिश चटणी व्हिनेगर व साखर घालून तासन्‌तास शिजवतात आणि ती बाटल्यांत भरून काही महिने मुरवतात. हिवाळ्यात चीज व थंड मांसासोबत ती खातात.

डिसेंबर-जानेवारीत बियाण्यांच्या सूचिपत्रांचे वाचन सुरू होते. याच सुमारास जुन्या बियाण्यांची उगवणक्षमता ओल्या कागदावर दहा-वीस बिया ठेवून तपासतात. पार्सनिपचे बी जेमतेम एक वर्ष टिकते, तर टोमॅटोचे अनेक वर्षे उगवते. फेब्रुवारीच्या सुमारास अनेक गावांत बियाणे-अदलाबदलीचे मेळावे भरतात. ब्रायटन येथील 'सीडी संडे' हा त्यांतील एक प्रसिद्ध मेळावा आहे. स्पर्धेसाठी मोठे कांदे पिकवणारे काही जण परंपरेने २६ डिसेंबरला कांद्याचे बी घरात पेरतात. ईशान्य इंग्लंडच्या खाणपट्ट्यांत मोठ्या लीकच्या स्पर्धांची जुनी परंपरा असून त्यांच्या रोपांची निगाही हिवाळ्यातच सुरू होते.

जानेवारीच्या अखेरीस बेण्याचे बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांत डोळे वर करून थंड पण उजेडाच्या खिडकीत मांडतात. उजेडात आखूड, जाड व हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब सहज मोडतात. मिरची, वांगी व टोमॅटोची रोपे घरात लवकर पेरता येतात, परंतु अपुऱ्या प्रकाशात ती उंच व लुळी होतात. त्यामुळे पेरणीची घाई हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष समजला जातो.

## सण आणि आहार

नाताळच्या जेवणात भाजलेले पार्सनिप, बटाटे व ब्रसेल्स स्प्राउट यांचा समावेश असतो. हे सर्व पदार्थ त्या दिवशी भूखंडावरून आणणे हा अनेक धारकांच्या अभिमानाचा विषय असतो. जानेवारीत इंग्लंडच्या नैऋत्येकडील सफरचंदाच्या बागांत 'वासेल' हा विधी होतो. झाडांसमोर गाणी म्हणतात, मुळांशी सायडर ओततात आणि फांद्यांवर सायडरमध्ये बुडवलेला पाव ठेवतात. काही ठिकाणी तो जुन्या दिनदर्शिकेनुसार १७ जानेवारीला करतात. स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला हॅगिससोबत कुस्करलेला स्वीड व बटाटा वाढतात. १ मार्चच्या सेंट डेव्हिड दिनी वेल्सचे प्रतीक असलेले लीक मिरवले व खाल्ले जाते.

## 'हंग्री गॅप'

हवामान उबदार होऊ लागते तेव्हाच ताज्या भाजीची सर्वाधिक टंचाई होते. एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंतच्या या काळाला 'हंग्री गॅप' म्हणजे उपाशी खंड म्हणतात. लीक, केल व कोबी यांना फुले येऊन ती निबर होतात, साठवलेल्या बटाट्यांना व कांद्यांना कोंब फुटतात आणि नवी पिके अद्याप लहान असतात. शेताबाहेरून भाजी आणण्याची सोय नसलेल्या काळात या आठवड्यांत कुटुंबांचे पोषण खालावत असे. जांभळी ब्रोकोली, ऱ्हुबार्ब, शरद ऋतूत पेरलेला ब्रॉड बीन आणि हिवाळा सोसणारी कोबीची कोवळी पाने ही पिके मुख्यतः हा खंड भरून काढण्यासाठी घेतली जातात. त्यामुळे एखाद्या भूखंडाचे नियोजन कितपत यशस्वी झाले, हे ऑगस्टपेक्षा मेमध्ये अधिक स्पष्ट होते.

## समाजजीवन

हिवाळ्यात भूखंडांवरील वर्दळ कमी होते. नळ गोठून फुटू नयेत म्हणून अनेक आवारांचा पाणीपुरवठा शरद ऋतूच्या अखेरीस बंद केला जातो. जुन्या दारे-खिडक्यांपासून बांधलेली शेड ही या काळात अवजारे स्वच्छ करून त्यांच्या मुठींना जवसाचे तेल लावण्याची, थर्मासमधील चहा पिण्याची आणि गप्पांची जागा बनते. सेवानिवृत्त किंवा एकट्या राहणाऱ्या धारकांसाठी घराबाहेर पडण्याचे ते एक नियमित कारण असते. भूखंड कसणाऱ्या व न कसणाऱ्या व्यक्तींची तुलना करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कसणाऱ्यांची मनःस्थिती व आत्मसन्मान अधिक चांगला आढळला होता.

लेस्टर, बर्मिंगहॅम यांसारख्या शहरांत दक्षिण आशियाई व कॅरिबियन वंशाचे धारक मोठ्या संख्येने आहेत. मेथी, कोथिंबीर, दुधी, कारले अशी पिके ते उन्हाळ्यात, बहुधा प्लॅस्टिकच्या बोगद्यांत घेतात आणि त्यांचे बियाणे हिवाळाभर घरात जपून ठेवतात. मिडलंड्स भागातील अशा पिकांची व बियाण्यांची नोंद 'गार्डन ऑर्गॅनिक' या संस्थेने 'सोइंग न्यू सीड्स' या प्रकल्पाद्वारे केली.

## कायदेशीर संरक्षण आणि भवितव्य

ॲलॉटमेंटचे कायदे शेतीचे ऋतुचक्र गृहीत धरतात. धारकास भूखंड सोडण्याची नोटीस दिल्यास तिची मुदत ६ एप्रिल रोजी वा त्यापूर्वी अथवा २९ सप्टेंबर रोजी वा त्यानंतर संपली पाहिजे, असे १९२२ च्या कायद्यात म्हटले आहे. यामुळे पीक वाढत असलेल्या उन्हाळ्यात धारकाला हुसकावता येत नाही. नोटिशीचा मूळ सहा महिन्यांचा कालावधी १९५० मध्ये बारा महिने करण्यात आला. १९५० च्याच कायद्याने भूखंडावर घरगुती उपयोगासाठी कोंबड्या व ससे पाळण्याचा हक्क दिला. नर कोंबड्यास मात्र त्यातून वगळले आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये १९२५ च्या कायद्यानुसार, स्थानिक संस्थेने ॲलॉटमेंटसाठीच खरेदी केलेली किंवा राखून ठेवलेली जमीन शासनाच्या संमतीशिवाय विकता किंवा अन्य कामासाठी वापरता येत नाही. तात्पुरत्या स्वरूपात दिलेल्या व खाजगी मालकीच्या जमिनींना हे संरक्षण नाही. पूर्व लंडनमधील मॅनर गार्डन येथील भूखंड २०१२ च्या ऑलिंपिकच्या तयारीसाठी २००७ मध्ये हटवण्यात आले व धारकांना लेटन येथे जागा देण्यात आली. अशा स्थलांतरात झाडे व शेड नव्याने उभारता येतात, परंतु अनेक हिवाळ्यांत खत घालून घडवलेली माती सोबत नेता येत नाही. नॉटिंगहॅममधील सेंट ॲन्स येथील सुमारे ७५ एकरांच्या व्हिक्टोरियाकालीन बागांना मात्र वारसा म्हणून द्वितीय श्रेणी-तारांकित संरक्षण लाभले आहे.

युद्धोत्तर काळात भूखंडांची संख्या झपाट्याने घटली. भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ मध्ये सुधारणांच्या शिफारशी केल्या, पण त्यांतील बहुतांश अमलात आल्या नाहीत. सध्या देशात सुमारे तीन लाखांहून अधिक भूखंड असल्याचे मानले जाते आणि प्रतीक्षा यादीत एक लाखाहून अधिक नावे आहेत. वसंत ऋतूत उत्साहाने घेतलेले भूखंड पहिल्या हिवाळ्यानंतर सोडून दिले जाण्याचे प्रकार नित्याचे असल्याने अनेक संघटना नव्या धारकांना शरद ऋतूतच ताबा घेण्यास सुचवतात. तण काढणे, जमीन झाकणे व फळझाडे लावणे ही कामे त्या वेळी शांतपणे करता येतात आणि पुढील वर्षाचा आराखडा पेरणीपूर्वी तयार होतो.

## हेही पहा

* परसबाग
* कंपोस्ट खत
* हिरवळीचे खत
* पीक फेरपालट
* नागरी शेती